गोजराचं हिवलिंबू

गोजरावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकानंही नाही! पाटलानं नाही, पाटलिणीनं नाही, आणि जिच्या म्हशीला ती रोज पाणी दाखवायची त्या अनसानंही नाही. एवढीशी पोर डोळ्यांत डोळे घालून खरं सांगत होती, की मला परी भेटली, तिनं मला बी दिलं, आणि दारातलं झाड मेलेलं नाही, झोपलंय. आणि अख्खं गाव फिदीफिदी हसत होतं. तुम्ही तरी हसू नका, पोरांनो. आधी सगळं ऐका, मग काय ते ठरवा.

गारवाडी नावाचं गाव होतं. डोंगराच्या अगदी टाळूवर. इतकं उंच की ढग वाट चुकून गोठ्यात शिरायचे आणि म्हशी त्यांना चाटायच्या. मार्गशीर्ष लागला की तिथं थंडी अशी पडायची, अशी पडायची, की सकाळी गवताच्या पात्यापात्यावर दव गोठून पांढरी पांढरी साखर व्हायची. रांजणातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा. पोरं तो मोडून चोखायची आणि आयांचे धपाटे खायची.

त्या गावाच्या शेवटच्या टोकाला एक इवलंसं खोपटं होतं. त्यात गोजरा आणि तिची आई सगुणा राहायच्या. बाप देवाघरी गेलेला. सगुणा लोकांच्या शेतात राबायची, पण दिवाळी झाली आणि तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. घास तोंडातल्या तोंडात फिरायचा, खाली काही उतरायचा नाही. गोजरानं ताक दिलं, चिंच दिली, आवळा दिला. सगुणा प्रत्येक वेळी मान फिरवायची.

"नको गं बाळा. माझ्या माहेरी दारात लिंबाचं झाड होतं. त्या लिंबाचा नुसता वास आला ना, तरी भाकरी उतरेल बघ घशाखाली."

लिंबू! आता गारवाडीत लिंबू आणायचं कुठून? पाटलानं हौसेनं कितीदा रोपं आणून लावली. पहिल्या थंडीतच ती काळी पडायची, विस्तवावर धरलेल्या कागदासारखी. घाटाखालून बैलांच्या पाठीवर लिंबं यायची, पण थंडीत घाट धुक्यानं आंधळा व्हायचा आणि कुणी खाली उतरायचं नाही. इकडे सगुणा दिवसेंदिवस वाळत चालली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. रात्री गोजरा आईच्या कुशीत शिरायची तर कूस सापडायची नाही, नुसती हाडं टोचायची.

गोजरा दिसायला कशी होती? केस पिंगट, नाकाचा शेंडा थंडीनं गुलाबी गुलाबी. परकराला ठिगळंच ठिगळं, पण अशी रंगीबेरंगी की फुलपाखरंच येऊन बसलीत म्हणावं. आणि गुणाची तर इतकी! "गोजे, म्हशीला पाणी दाखव." "हो." "गोजे, माझं अंगण झाड." "हो." कुणी विनाकारण खेकसलं तरी हिची आपली मान खाली. लोक कौतुकानं म्हणायचे, "पोर म्हणजे अगदी गरीब गाय!" गाईलासुद्धा देवानं शिंगं दिलीत, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

एके दिवशी सकाळी गोजरा ओढ्याकाठच्या रानात गेली. काहीतरी आंबट, काहीतरी वासाचं मिळेल म्हणून. सूर्य नुकता वर येत होता. गोठलेलं दव आधी निळं दिसलं, मग गुलाबी, मग सोनेरी. सगळं रान लखलखलखलख करत होतं. पाय टाकला की कुरकुर आवाज यायचा.

तेवढ्यात एका पात्यावर काहीतरी फडफडलं. गोजराला वाटलं, चतुर असेल. वाकून बघते तर काय, अंगठ्याएवढी चिमुकली परी! अंगात धुक्याचा झगा, केसांत दवाचे मणी, आणि दोन्ही पंख गोठून पात्याला घट्ट चिकटलेले. गोरी गोरी परी थंडीनं जांभळी पडली होती.

दुसरं पोर असतं तर ओढायला गेलं असतं आणि पंख फाटले असते. गोजरानं ओढलं नाही. ती गुडघे टेकून बसली, दोन्ही तळव्यांची वाटी केली आणि आत ऊन ऊन श्वास सोडला. हाऽऽ... हाऽऽ... बर्फ विरघळला. टप, टप, टप.

"हळू गं बाई!" परी नाक दाबत म्हणाली. "तोंडाला कांद्याचा केवढा वास येतोय तुझ्या!"

गोजरा लाजली. "कांदाभाकरी खाल्ली ना." मग लगेच म्हणाली, "खोटं कशाला बोलू? नुसता कांदाच खाल्ला. भाकरी आईसाठी ठेवलीये. ती खात नाही, तरी ठेवलीये."

परी हसली. हसताना तिच्या केसांतले मणी किणकिणले. "मी हिवपरी, थंडीची परी. तू माझे पंख वाचवलेस. आता माग काय हवं ते. पण एकदाच मिळेल हं."

"लिंबू!" गोजराच्या तोंडून निघालंच. मग तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. "थांब, थांब. एक लिंबू नको. एक लिंबू माझी आई खाईल आणि संपून जाईल. थंडीत आमच्या गावात कितीतरी माणसं आजारी पडतात, त्यांच्याही तोंडाला चव नसते. मला थंडीत न मरणारं लिंबाचं झाड दे."

परीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. एवढ्या गरीब पोरीनं, पोटात नुसता कांदा असताना, गावासाठी मागितलं! मोठ्या मोठ्या माणसांना सुचत नाही हो असं. परीनं हवेत हात फिरवला. तिच्या तळहातावर एक बी चमकायला लागलं. तिळाहून मोठं, हरभऱ्याहून लहान, आणि चांदण्यासारखं पांढरं.

"हे घे हिवलिंबाचं बी. पण नियम आहेत."

"नियम?"

"परी म्हटली की नियम आलेच. पहिला नियम, झाड आपल्या दारात लावायचं, उघड्यावर. कितीही थंडी पडो, त्याच्यावर गोधडी घालायची नाही. ते थंडीतच शिकतं. दुसरा नियम, तुझी आई सोडून ज्याला फळ हवं असेल त्यानं स्वतः यावं आणि स्वतःच्या तोंडानं मागावं. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, पण एकाचं फळ दुसऱ्याच्या हाती धाडायचं नाही. आणि तिसरा नियम..." परी तिच्या नाकाच्या गुलाबी शेंड्यावर येऊन बसली. "कुणी झाड तोडायला आलं, तर गप्प बसायचं नाही."

गोजराचं तोंड एवढंसं झालं. "पहिले दोन जमतील. तिसरा अवघड आहे गं."

"म्हणून तर शेवटी सांगितला."

"आणि नियम मोडला तर?"

"तर झाड पुन्हा बी होईल आणि माझ्याकडे परत येईल," परी म्हणाली, आणि उन्हाच्या तिरिपेवरून घसरत घसरत दिसेनाशी झाली.

गोजरानं दारासमोर खड्डा केला, कुजलेला पाला घातला, बी पेरलं. पाणी घालायला तांब्या नव्हता, म्हणून ओंजळीनं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मातीतून हिरवी नखी डोकावली. तिसऱ्या दिवशी गुडघ्याएवढं, आणि आठवडा सरतो न सरतो तोच झाड गोजराच्या डोक्यावर! पानं तीन तीन एकत्र, जशी इवल्या चिमणीची पावलं. खोड हिरवंगार, फांद्या हिरव्यागार. आणि काटे? अरे बाप रे! बोटाएवढे लांब, हिरवे, सरळ, टोकदार. झाड कसलं, हिरव्या भाल्यांची फौजच उभी दारात! पण काय ऐटीत उभं होतं! वारा आला की दुसरी झाडं वाकायची, हे नुसतं काटे चमकवायचं, जणू म्हणायचं, ये, बघू तुझी हिंमत.

"आई, बघ ना, किती देखणं आहे!" गोजरा टाळ्या पिटत म्हणाली.

सगुणा भिंतीला धरून दारापर्यंत आली. तिचे डोळे चमकले. "देखणं आहे गं. पण बाळा, दारात काटे... लोक बोलतील."

आणि लोक बोललेच. कारण गारवाडीत एक समजूत होती. दारात काटेरी झाड असलं की घरात भांडणं होतात. घरात काय, गल्लीत होतात, गावात होतात! म्हणून गारवाडीत कुणी दारात साधी बोरसुद्धा ठेवत नसे. आता भांडणं काय त्या गावात आधी होत नव्हती? ढीगभर होत होती. पण त्याआधी दोष द्यायला झाड नव्हतं. आता मिळालं!

सगळ्यांत आधी आली सुंदराकाकू. या काकूच्या पायाला भिंगरी आणि जिभेवर मध. सकाळी या घरी, दुपारी त्या घरी. ज्या घरी जाईल तिथं तिला गरम गरम गवती चहा मिळायचा, कारण ती येताना दुसऱ्या घरची खबर आणायची. ओटीत नेहमी गुळाचा खडा, आणि पोर दिसलं की त्याच्या हातावर.

"गोजे, सोन्या माझ्या," काकू गूळ देत म्हणाली, "किती गं गुणाची तू! आणि ती पाटलीण चिमाबाई तुझ्याबद्दल काय काय बोलत होती... जाऊ दे बाई. मी नाही सांगायची. मला नाही आवडत इकडचं तिकडे करायला."

"काय बोलल्या?" गोजरानं विचारलं.

"म्हणाल्या, पोरीनं मुद्दाम काटे लावलेत, आमच्या घराकडे तोंड करून. पण तू मनाला लावून घेऊ नकोस हो." आणि काकू भुर्रकन पुढच्या घरी.

त्याच दिवशी पाटलाच्या घरात भांडण पेटलं. थोरली चिमाबाई आणि तिची धाकटी जाऊ अनसा, दोघी एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या. आज अचानक दोघींची तोंडं दोन दिशांना. अनसा भाकरी थापताना परात आपटायची, चिमाबाई ताक घुसळताना रवी आपटायची. दोघी एकमेकींशी बोलेनात. शेवटी घरात दुसरी चूल मांडली. पाटील बिचारा दोन चुलींच्या मधे उपाशी!

मग पुढच्या गल्लीत दोन भाऊ बांधावरून भांडले. मग विहिरीवर बायका. मग तर देवळात आरतीला कुणी कुणाच्या शेजारी उभं राहीना. आणि जो तो म्हणायचा, "त्या गोजीच्या दारातल्या काट्यानं केलं हे!"

"मला परीनं दिलंय ते," गोजरा हळूच सांगायची. "त्याला लिंबं लागतील. गावासाठी मागितलंय मी."

"परीनं! ऐकलं का? परी म्हणे!" आणि सगळे फिदीफिदी.

त्यातून पौषाची थंडी आली. हिवलिंबाची पानं पिवळी पडली. एक गळलं, दोन गळली, आणि एका सकाळी झाडावर एक पान राहिलं नाही. नुसते काटे. लिंबाचं झाड कधी बोडकं होतं का? कधीच नाही! ते बारा महिने हिरवं. मग बोडकं झालं म्हणजे मेलंच. गावानं तेच धरलं.

"मेलं गं तुझं परीचं झाड!" पोरं ओरडायची.

"मेलं नाही. झोपलंय," गोजरा म्हणायची. ती फांदीवर नखानं हळूच ओरखडा काढायची. आत ओलं, हिरवं, जिवंत. पण बघायला कोण जवळ येणार? काट्यांना सगळे भ्यायचे.

रात्री वारा घोंघावायचा तेव्हा गोजराचा जीव तुटायचा. वाटायचं, उठावं आणि आईची जुनी गोधडी झाडावर टाकावी. बिचारं एकटं कुडकुडत असेल. ती उठून दारापर्यंत जायची, गोधडी हातात घट्ट धरायची, आणि परत यायची. नियम म्हणजे नियम. लाड करणं सोपं असतं हो. लाड न करणं किती अवघड, ते गोजराला विचारा.

इकडे सगुणा आता उठेनाशी झाली. पेजेचा एक चमचा, तोही गोजरानं रडवेलं तोंड केलं तर. तिचा आवाज इतका बारीक झाला की ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागायचा.

आणि मग, सगळ्यांत कडाक्याच्या सकाळी, रांजणातलं पाणी तळापर्यंत गोठलं त्या सकाळी, हिवलिंबू फुललं! पान नाही, पालवी नाही, आणि काट्याकाट्याच्या बगलेतून टपोरी पांढरी फुलं! एकेक फूल पाच पाकळ्यांचं, दुधासारखं, मधे पिवळे पराग. वर गोठलेलं दव, खाली फूल, कुठलं फूल आणि कुठलं दव ओळखू येईना. वास असा की खोपटं भरलं, अंगण भरलं. सगुणानं डोळे उघडले. "माहेरी आले की काय मी?" ती पुटपुटली.

फुलं झडली आणि तिथं हिरवी हिरवी फळं धरली. गोट्यांएवढी, वर मऊ मऊ लव, जशी मांजराच्या पिल्लाच्या कानावर असते. गोजरा रोज त्यांना गोंजारायची. काटे टोचायचे, तरी गोंजारायची. "पिका रे लवकर. आईला वेळ नाही."

फळं मोठी झाली, पण पिकेनात. हिरवीच्या हिरवी.

आणि एका दुपारी गाव आलं. पाटील पुढे, हातात कुऱ्हाड. मागे चिमाबाई एका बाजूला, अनसा दुसऱ्या बाजूला, मधे दोघींना धीर द्यायला सुंदराकाकू, आणि मागे झाडून सगळी गारवाडी.

"गोजे, बाजूला हो," पाटील म्हणाला. तसा तो वाईट माणूस नव्हता. दोन चुलींनी पार वैतागला होता. "झाड तोडतो. माझं घर फुटलं या काट्यापायी."

गोजराची मान सवयीनं खाली गेली. 'हो' तर अगदी ओठावर आला. आत खाटेवर आई कण्हली. आणि गोजराला परीचं वजन पुन्हा नाकाच्या शेंड्यावर जाणवलं, पिसाएवढं.

तिनं मान वर केली.

"नाही!"

गावाला वाटलं, दुसरंच कुणी बोललं. सगळे इकडेतिकडे बघायला लागले.

"नाही तोडू देणार," गोजरा म्हणाली. ती झाडाला पाठ लावून उभी राहिली. काटे परकरात शिरले, पाठीला टोचले, ती हलली नाही. "पाटीलबाबा, तुमचं अंगण मी झाडते. अनसाकाकी, तुमच्या म्हशीला पाणी मी दाखवते. कधी नाही म्हटलं? आज म्हणते. या झाडानं कुणाला काही केलं नाही. ते बोलत नाही, चालत नाही, कुणाच्या घरात जात नाही. दारात उभं आहे, आणि जो हात घालेल त्याला तोंडावर टोचतं. पाठीमागून नाही टोचत! माझी आई आत मरायला टेकलीये. या झाडाचं फळ तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मी इथून हलायची नाही. तोडायचं तर आधी मला!"

एक शब्द अडखळला नाही तिचा. शाबास! पाटलाची कुऱ्हाड आपोआप खाली आली.

तेवढ्यात अनसा किंचाळली, "अगंबाई, बघा तरी!"

गोजराच्या डोक्यावरचं फळ पिवळं व्हायला लागलं होतं. टोकाकडून देठाकडे, हळूहळू, जशी सकाळ डोंगरावर चढते. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. बघता बघता झाड सोन्याच्या इवल्या दिव्यांनी लगडलं. दिवे नव्हेत, लिंबं! गोल गोल, लवदार, सुवासिक लिंबं. तिसरा नियम पाळला ना पोरीनं!

गोजरानं हात घातला, काट्यांनी ओरबाडला, तरी एक तोडलं. आत धावली. लिंबू कापलं, मीठ लावलं, आईच्या नाकाशी धरलं, मग जिभेवर पिळलं. सगुणाचा चेहरा असा आंबला, असा आंबला, की दोन्ही डोळे मिटले. "शी! केवढं आंबट गं! कडूसुद्धा आहे!" मग तिनं ओठ चाटले. "भाकरी आहे का?"

भाकरी आहे का! गोजरा रडली आणि हसली, दोन्ही एकदम. झाकून ठेवलेली भाकरी तिनं आणली. सगुणानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा मागून घेतला. दारात उभं असलेलं गाव तो प्रत्येक घास मोजत होतं. चिमाबाईनं पदर डोळ्याला लावला.

तेव्हा झाडाच्या शेंड्यावर हिवपरी दिसली. आता सगळ्यांनाच दिसली. परी म्हणे, म्हणून हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. 

"गोजरा," परी म्हणाली, "गोड माणसं जगात पुष्कळ असतात. पण गोड असून उभं राहणारं माणूस फार दुर्मीळ. हे झाड आता तुझं. कायमचं." तिनं पंख उघडले. त्यांतून आधी चांदी सांडली, मग सोनं, मग सगळ्या अंगणभर मऊ, ऊन ऊन उजेड. उजेड वाढला, वाढला, आणि त्यातच परी विरून गेली. खोपटाच्या कुडाला पडलेली भोकं कुठं गेली कोण जाणे. तिथं पांढऱ्याशुभ्र भिंती उभ्या होत्या, आणि दाराशी दाण्यानं भरलेली कणगी.

आता सगळ्यांनाच लिंबू हवं झालं. पण मागायचं कसं? मघाशी कुऱ्हाड आणली होती ना!

सुंदराकाकू पुढे झाली. "सोन्या माझ्या, सगळ्यांची लिंबं माझ्याकडे दे कशी. मी घरोघर पोचवते. या थंडीत कुणाला त्रास नको."

"नाही, काकू," गोजरा म्हणाली. एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. "ज्याला हवं त्यानं स्वतः मागायचं. परीचा नियम आहे."

मग काय करता! पाटलानं फेटा काढला. "गोजे, चुकलो. एक लिंबू देशील?" "घ्या ना, पाटीलबाबा." चिमाबाईनं मागितलं, अनसानं मागितलं, सगळ्यांनी मागितलं. गोजरा कुणालाच नाही म्हणाली नाही.

पण काट्यांतून लिंबू काढणं एकट्याचं काम नव्हतं. एकानं काठीनं फांदी धरायची, दुसऱ्यानं तोडायचं. झाडाच्या या बाजूला उरल्या कोण? चिमाबाई आणि अनसा! अनसानं तोंड फिरवूनच फांदी धरली. चिमाबाईनं हात घातला.

"नीट धर गं. माझा हात फाटेल."

"धरलीये. माझी भाकरी ढेकळासारखी होते ना, मग फांदी तरी बरी धरेन."

"कोण म्हणालं ढेकळासारखी?"

"तुम्हीच म्हणालात!"

"मी? अगं, तुझ्या भाकरीसारखा पापुद्रा गावात कुणाच्या भाकरीला सुटत नाही! तूच म्हणालीस, थोरलीचं ताक म्हणजे नुसतं पाणी."

"मी? तुमच्या ताकावर तर मी दोन भाकऱ्या जास्त खाते, जाऊबाई!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. फांदी सुटली, काटे दोघींना टोचले, दोघी एकदम "आई गं!" म्हणाल्या आणि एकदम हसल्या.

पलीकडे बांधावरून भांडलेले ते दोघे भाऊही फांदी धरून उभे होते. "दादा, बांध कोरून घेईन असं तू म्हणालास?" "छे रे! मला तर कळलं, तूच म्हणालास." विहिरीवरच्या बायका कान टवकारून ऐकायला लागल्या. "अगं, मलापण असंच कळलं!" "आणि मला!" गोजराही पुढे आली. "पाटलीणबाई, मी तुमच्या घराकडे तोंड करून काटे लावले, असं तुम्ही म्हणालात?"

"देवाशप्पथ नाही, पोरी. मला तर सांगितलं की पाटलाचं घर फुटणार असं तू म्हणतेस."

पाटलानं कुऱ्हाड गोजराच्या जळणाच्या ढिगावर ठेवून दिली आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे झाडानं काही केलं नाही. गोजीनं काही केलं नाही. चिमानं नाही, अनसानं नाही. मग हे सगळं तुम्हाला येऊन सांगितलं कुणी?"

सगळे मनातल्या मनात मागं गेले, प्रत्येकानं आपापल्या दारातला तो गवती चहा आठवला, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या. तिथं कुणीतरी पदर सावरत, आवाज न करता, भिंतीच्या कडेनं बाहेर सटकत होतं.

आणि लहानथोर, अख्खी गारवाडी, एका तोंडानं ओरडली,

"सुंदराकाकू!"